पुढे काय आणि पुढे कुठे

दहावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांतून एक बातमी ठरल्याप्रमाणे येते : कोकण विभाग राज्यात पहिला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी स्वतंत्र विभागीय मंडळ २०१२ साली सुरू झाले आणि तेव्हापासून उत्तीर्णांच्या टक्केवारीतील अग्रक्रम त्याने सोडलेला नाही. त्या दिवसांत मालवण, वेंगुर्ले, कणकवली अशा गावांत नाक्यानाक्यांवर अभिनंदनाचे फलक लागतात. घरी पेढे घेऊन आलेला पाहुणा मुलाला वा मुलीला हटकून विचारतो, ‘मग, पुढे काय?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर आपण नीट ऐकले, तर एक गंमत लक्षात येते. प्रश्न ‘काय’ असा असतो आणि उत्तर ‘कुठे’ याचे असते. मुंबईला मामाकडे, पुण्याला वसतिगृहात, कोल्हापूरला, गोव्याला. काय व्हायचे, कशासाठी शिकायचे, हा भाग त्या ‘कुठे’च्या पोटात आपोआप सामावला जाईल, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक आळसातून आलेले नाही. त्याला इतिहास आहे. या किनाऱ्यावर बुद्धिमान मुलाला शिक्षणासाठी गाव सोडावेच लागे. मुंबईचे एल्फिन्स्टन, कोल्हापूरचे राजाराम, पुण्याचे फर्ग्युसन ही एकोणिसाव्या शतकातली नावे. रत्नागिरीत महाविद्यालय निघाले ते १९४५ मध्ये, आणि आज ज्याला आपण सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतो (तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला) त्याच्या हद्दीत, सावंतवाडीला महाविद्यालय उभे राहायला १९६१ उजाडावे लागले. जो शिकायला जात नसे तो गिरणीत, गोदीत किंवा पलटणीत जाई. आगबोटीने मुंबईस जायचे, मनीऑर्डर पाठवायची आणि गणपतीला व शिमग्याला परतायचे, हे चाकरमान्याचे आयुष्य कित्येक पिढ्यांनी काढले. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. देशभर माणसे वाढत असताना इथे ती घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हे त्याच जनगणनेतले प्रमाण प्रगतीचे लक्षण म्हणून सांगितले जाते. पण त्यात गावाबाहेर गेलेल्या पुरुषांचाही हिशेब आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

अशा प्रदेशात महाविद्यालयीन तरुणाने ‘माझे जीवितकार्य कोणते?’ असा प्रश्न विचारणे अनेकांना चैनीचे वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. मात्र हा प्रश्न विचारायला तरुणांना मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, याचे उत्तर व्याख्यानांत आणि अभिरुचीच्या चाचण्यांत शोधण्यापूर्वी याच किनाऱ्याच्या इतिहासात शोधावे, असे आमचे मत आहे. त्यासाठी तीन माणसांकडे पाहू. एक इथे जन्मला आणि बाहेर गेला, दुसरा बाहेरून नोकरीसाठी आला, आणि तिसऱ्याने एक काम अंगावर घेतले व त्या कामाने त्याला इथे आणून स्थिर केले.

पहिले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म मालवणचा, ६ जुलै १८३७. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली; ती बदली झाली नसती तर काय झाले असते, हे ज्याने त्याने कल्पावे. रत्नागिरीहून ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये गेले. पुढे संस्कृत विद्येत ज्यांचे नाव युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत पोहोचले, त्या भांडारकरांचा महाविद्यालयातला ओढा मात्र संस्कृतकडे नव्हता. त्यांचे शिक्षण गणित, इंग्रजी साहित्य या वळणाचे होते. संस्कृतकडे वळण्याचा सल्ला त्यांना दिला तो त्या वेळचे शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांनी. एका परक्या अधिकाऱ्याने या तरुणात त्याला स्वतःला न दिसलेले काहीतरी पाहिले, आणि त्याने तो सल्ला मानून शास्त्र्यांजवळ बसून, जवळजवळ आरंभापासून, संस्कृत शिकायला घेतले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तीत महादेव गोविंद रानड्यांबरोबर भांडारकर होते. पुढे हैदराबाद (सिंध) आणि रत्नागिरी येथे ते मुख्याध्यापक झाले. शाळकरी मुलांना संस्कृत सोप्या वाटेने शिकता यावे म्हणून लिहिलेली त्यांची दोन पाठ्यपुस्तके पिढ्यान् पिढ्या चालली. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ, विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९१७ साली त्यांच्या नावाने पुण्यात उभी राहिलेली संशोधनसंस्था हा सारा पुढचा विस्तार सर्वांना ठाऊक आहे.

आम्हांला इथे लक्ष वेधायचे आहे ते एका गोष्टीकडे, जी चरित्रांतून एका वाक्यात उरकली जाते. हा सल्ला मानणे भांडारकरांना परवडले, कारण त्यांना ‘दक्षिणा फेलो’ म्हणून वेतन मिळत होते. ही दक्षिणा म्हणजे पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी रक्कम. इंग्रजांनी त्या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळवला आणि त्यातून तरुण विद्यार्थ्यांना अध्ययन व अध्यापन करण्यासाठी वृत्ती निघाल्या. तो पैसा कोणाला आणि कशासाठी मिळावा यावरून १८४९ साली पुण्यात मोठा वाद झाला होता आणि लोकहितवादींसारखे सुधारक, तो मराठी ग्रंथनिर्मितीकडेही वळवावा, असे म्हणत होते. सांगायचे इतकेच की भांडारकरांच्या ‘शोधा’मागे कोणीतरी घातलेली भाकरी होती, आणि ती भाकरी कोणाच्या ताटात पडावी हा प्रश्न तेव्हाही राजकारणाचा होता.

दुसरे उदाहरण विष्णु सखाराम खांडेकर यांचे. सांगलीत १८९८ साली जन्मलेला, १९१३ मध्ये मॅट्रिकला वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला हा विद्यार्थी फर्ग्युसनमध्ये दाखल झाला खरा, पण पदवीपर्यंत पोहोचला नाही. सावंतवाडी परिसरातल्या चुलत्यांकडे ते दत्तक गेले. पैशाची ओढाताण आणि खालावलेली प्रकृती यांत शिक्षण अर्धवट राहिले. आजच्या भाषेत बोलायचे तर हा ‘गळती’चा विद्यार्थी. १९२० साली ते शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. ही शाळा अ. वि. बावडेकरांनी चालवलेली, आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मिठागरे, माडाच्या बागा, वेळागरचा समुद्र आणि गरिबी अशा त्या गावात खांडेकर थोडेथोडके नव्हे, अठरा वर्षे राहिले.

खांडेकर शिरोड्याला जीवितकार्य शोधायला गेले नव्हते. ते नोकरीला गेले होते. एक नवी, कायम पैशाच्या अडचणीत असलेली शाळा टिकवण्याचे काम समोर होते आणि ते त्यांनी केले. ते करता करता वर्गातल्या मुलांच्या घरांतले दारिद्र्य, सावकारी, जातींतली अंतरे त्यांना दिसत गेली. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाची लाट शिरोड्याच्या मिठागरांवर येऊन पोहोचली, तेव्हा ते त्याच गावात होते. ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी त्याच वर्षीची. ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’ या त्यानंतरच्या चार वर्षांतल्या. मास्टर विनायकांच्या ‘छाया’ या १९३६ च्या चित्रपटाची कथा लिहिली तेव्हाही ते शिक्षकच होते. १९३८ मध्ये शाळा सोडून ते कोल्हापूरला गेले. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार ‘ययाति’साठी मिळाला आणि मराठीला तो पहिल्यांदाच मिळाला, पण ज्या लेखकाला तो मिळाला त्याची घडण शिरोड्याच्या वर्गात झाली होती. त्यांच्या ध्येयवादावर मर्ढेकरोत्तर पिढीने पुष्कळ टीका केली, आणि ती सगळीच अनाठायी होती असे आम्ही म्हणणार नाही. तरीही हा ध्येयवाद हवेतून उतरलेला नव्हता, तो एका गावातल्या अठरा वर्षांच्या मास्तरकीतून आलेला होता, एवढे मान्य करावे लागेल.

भांडारकरांना माणसाने ओळखले. खांडेकरांना जागेने घडवले. दोघांच्याही बाबतीत क्रम असा दिसतो की काम आधी आले आणि ‘हेच माझे काम’ ही जाणीव मागाहून आली. आज विद्यार्थ्याला आपण नेमके उलटे सांगतो : आधी आपली आवड ओळख, मग काम निवड. ज्याने कधी काही केलेलेच नाही त्याने आपली आवड कशावरून ओळखावी?

तिसरे उदाहरण मात्र असे आहे की त्यापुढे हा सगळा विचार थोडा अडखळतो, आणि म्हणूनच ते टाळता येत नाही. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांचा जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तत्त्वज्ञान हा त्यांचा विषय. पुण्यात काही काळ त्यांनी प्राध्यापकीही केली. ती सोडून ते गांधींच्या कामात शिरले, साबरमतीला राहिले. गांधींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. पुढे ‘कोकणचे गांधी’ हे नाव त्यांना चिकटले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम स्वतःसाठी मागितले. तुरुंगातही हे काम जातीनेच वाटले जाई. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. अप्पासाहेबांनी उपोषण आरंभिले, आणि डिसेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केले. सरकारला नमते घ्यावे लागले.

ज्या देशात ‘स्वधर्म’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ शतकानुशतके ‘जातीने ठरलेला धंदा’ असा होता, तिथे ‘जीवितकार्याचा शोध’ हे शब्द जपून वापरले पाहिजेत, हे या प्रसंगातून कळते. गाबित, भंडारी, कुंभार, चितारी, महार, चांभार : या किनाऱ्यावर जन्मलेल्या मुलाला ‘पुढे काय’ हा प्रश्न कोणी विचारतच नव्हते, कारण उत्तर त्याच्या जन्माआधी तयार होते. पाचारण होते, पण ते जातीचे होते. अशा समाजात एक ब्राह्मण प्राध्यापक मैला उचलण्याचा हक्क मागतो तेव्हा तो एका माणसाचा त्याग असतो. पण ज्याला ते काम नाकारण्याचा हक्क कधी मिळालाच नाही त्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? भंगीकामाला थोर म्हणणे ही ते काम करायला लावलेल्या माणसांची क्रूर थट्टा आहे, अशा आशयाची टीका डॉ. आंबेडकरांनी पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीवादावर केली. ती टीका बाजूला सारून अप्पासाहेबांचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु अप्पासाहेब तिथेच थांबले नाहीत, आणि त्यांचे खरे मोठेपण आम्हांला पुढच्या टप्प्यात दिसते. १९४८ साली त्यांनी कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम उभारला. मेलेल्या जनावरांची कातडी सोलणे, चामडे कमावणे, मैल्यापासून खत करणे ही कामे तिथे जातीच्या कक्षेतून काढून प्रयोगाच्या कक्षेत आणली गेली. खेड्यात परवडेल असा, मैल्याचे खत होऊ देणारा आणि तो उपसण्यासाठी कोणा जातीची गरज न ठेवणारा संडास तिथे घडवला गेला. ‘गोपुरी संडास’ म्हणून तो ओळखला जातो. म्हणजे ज्या कामात या माणसाला आपले जीवितकार्य सापडले, ते काम दुसऱ्या कोणाच्या माथी जन्माने मारले जाऊ नये याची व्यवस्था करणे हाच त्या कार्याचा शेवट होता. आपले काम नाहीसे व्हावे म्हणून काम करणारा माणूस विरळा. १९७१ साली अप्पासाहेब वारले; संडासाचा प्रश्न त्यांच्यानंतरही देशात पुष्कळ वर्षे शिल्लक राहिला, पण तो जातीचा नसून रचनेचा आहे, हे त्यांनी दाखवून ठेवले होते.

या तिघांना एकत्र ठेवले की काही गोष्टी स्पष्ट होतात. तिघांपैकी एकालाही विशीत आपले उत्तर ठाऊक नव्हते. तिघांनाही कोणीतरी प्रत्यक्ष काम दिले किंवा काम करण्याची जागा दिली : हॉवर्डने, बावडेकरांच्या शाळेने, गांधींच्या आश्रमाने. आणि तिघांनाही त्या काळात पोटाची किमान सोय होती : वृत्ती, पगार, आश्रमाचा पंक्तिभोजनाचा पाट. यांतली शेवटची गोष्ट आपण विसरतो. मुंबईतल्या चाकरमान्याच्या पगारावर ज्या घराची चूल पेटते, त्या घरातल्या मुलाने ‘मी कशासाठी आहे’ याचा विचार करत एक वर्ष काढावे, असे त्याला सांगणाऱ्याने त्या वर्षाच्या भाताचे काय, हेही सांगितले पाहिजे. आणि तिघेही पुरुष होते, तिघेही वरच्या जातींतले होते, हे तर उघडच आहे. ज्या काळात खांडेकर शिरोड्याला शिकवत होते, त्या काळात त्या गावातल्या मुलीचे ‘पुढे कुठे’ लग्नाने ठरत असे. मासे विकणाऱ्या, शेती सांभाळणाऱ्या, मनीऑर्डरवर घर चालवणाऱ्या बायकांनी हा जिल्हा तोलून धरला. त्यांच्या कर्तृत्वाला कार्य असे नाव कोणी दिले नाही. आज महाविद्यालयांचे वर्ग मुलींनी भरलेले असताना हा प्रश्न प्रथम त्यांना विचारला गेला पाहिजे.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात या प्रश्नाला सरळ हात घालणारा एक प्रयत्न राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, झाला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत २००६ साली ‘निर्माण’ हा युवा उपक्रम सुरू झाला. महाविद्यालयीन वयाच्या मुलामुलींनी शिबिरांत एकत्र यावे, आदिवासी गावे पाहावीत, आपल्या शिक्षणाचा कोणत्या प्रश्नाशी संबंध लागतो हे तपासावे आणि मग काहींनी प्रत्यक्ष कामात उमेदवारी करावी, अशी त्याची रीत. तिच्या मुळाशी सेवाग्रामची नयी तालीम आहे. अभय बंग स्वतः त्या शाळेत शिकले. त्यांचे वडील ठाकुरदास बंग अर्थशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाले असताना गांधींचा निरोप घ्यायला गेले आणि ‘अर्थशास्त्र शिकायचे तर भारतातल्या खेड्यांत जा’ अशा अर्थाचे उत्तर घेऊन परतले, ही हकीकत अभय बंगांनीच सांगितली आहे. तीही आमच्या तिघांच्या हकीकतींसारखीच आहे : कोणीतरी पाहिले, कोणीतरी जागा दाखवली. राष्ट्रीय सेवा योजना तर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, याच हेतूने सुरू झाली होती. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक शिबिर द्यावे, अशी तिची अपेक्षा. कल्पना चांगली, पण तास भरण्याची वही मोठी झाली की काम लहान होते, हे ज्यांनी त्या वह्या भरल्या आहेत त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको.

मग सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयाने काय करावे? आमच्या मते फार थोडे, पण नेटाने. आपल्या तालुक्यात कोणती कामे मुळापासून चालली आहेत आणि ती कोण करीत आहे, याची यादी प्रथम करावी. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ जाती आणि आंब्यात ‘रत्ना’, ‘सिंधु’ या जाती दिल्या. ज्या मुलाच्या घरी काजूची बाग आहे त्याला बहुधा हेही ठाऊक नसते की कलमाच्या मागे कोणा माणसाचे कित्येक वर्षांचे काम आहे. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथे प्रवाळ कोणते, मासेमारी कोणाची, आणि पारंपरिक रापणकर व यांत्रिक नौका यांचा झगडा कशावरून, हे प्रश्न जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा या तिन्हींचे आहेत. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या, सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी खेळणी, यांच्यापाशी बसून लिहून घेण्यासारखे पुष्कळ आहे. अशा एकेका कामाशी विद्यार्थ्याला एका दिवसाच्या सहलीने नव्हे, तर निदान एका सत्राच्या उमेदवारीने जोडावे. आणि ज्याच्या घरी त्या सत्राचा खर्च झेपणार नाही त्याला वृत्ती द्यावी. जुन्या दक्षिणेपेक्षा ही दक्षिणा अधिक न्याय्य रीतीने वाटता येईल, एवढी सुधारणा दीडशे वर्षांनंतर आपल्याकडून व्हायला हरकत नाही.

यातून सगळी मुले इथे राहतील, असे आम्ही म्हणत नाही. तशी इच्छाही नाही. भांडारकर मालवणला राहिले असते तर आपलेच नुकसान झाले असते, आणि खांडेकर आलेच नसते तर शिरोड्याचे. जाणे वाईट नाही आणि राहणे आपोआप पवित्र नाही. जाणाऱ्याला आपण कशासाठी जात आहोत हे ठाऊक असावे, आणि राहणाऱ्याला जाता आले नाही म्हणून तो राहिला, असे वाटू नये, एवढेच मागणे आहे. पेढे घेऊन येणाऱ्या पाहुण्याने पुढच्या वर्षीही ‘पुढे काय’ हेच विचारावे. मात्र उत्तरात गावाचे नाव आले, तर त्याने तिथेच न थांबता आणखी एक प्रश्न विचारावा : आतापर्यंत तू कोणाबरोबर, कोणते काम करून पाहिले आहेस?